लाल ठिपक्याच्या पुढे

मी धाकटा बोलतोय. दुकानाच्या भाषेत मी अ‍ॅम्प्लिफायर, पण उंब्रजमध्ये त्या नावानं मला कधी कुणी ओळखलं नाही. आम्ही दोघे भाऊ. पन्नास वॅटचा तो थोरला, वीस वॅटचा मी धाकटा. कार्यक्रमात आवाज कर्कश लागला की लोक कर्ण्याला शिव्या देतात. कर्ण्याच्या मागे मी असतो, तेव्हा त्या शिव्या पोचतात मलाच. इतकी वर्षं मुकाट ऐकून घेतल्या. आज जरा माझी बाजू ऐका.

मला घडवलं सिकंदरनं. हमरस्त्याला लागून त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. माझा सांगाडा एका मोडक्या रेडिओच्या पत्र्यातून कापलेला, ट्रान्सफॉर्मरची तार त्यानं मांडीवर ठेवून हातानं गुंडाळलेली. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा माझ्या पोटातले वाल्व्ह हळूहळू लाल झाले, आणि तो गडी चहा थंड होईपर्यंत नुसता माझ्याकडे बघत बसला होता. जन्मणाऱ्याचं एवढं कौतुक पुढे कधी होत नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

आमच्या भागात तोवर एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर सगळा कारभार चालायचा. पखवाजही त्याच्यातून, गाणाऱ्या बाईचा आवाजही त्याच्यातून. पखवाजवाल्यानं थाप मारली की बाईचा आवाज चेंगरायचा. सिकंदरनं पुण्यात एका ठिकाणी वेगळी रीत पाहिली होती. तिथं आवाज आधीच दोन वाटांनी फोडला होता. जाड आवाज एका अ‍ॅम्प्लिफायरकडे, बारीक आवाज दुसऱ्याकडे. आवाज फोडणारी ती पेटी त्यानं घरी बनवली आणि तिला नाव दिलं ‘फाटा’. उंब्रजला हमरस्त्याला पाटणचा फाटा फुटतो ना, तसा. फाट्याच्या खालच्या वाटेला थोरला आणि त्याची मोठी लाकडी खोकी, वरच्या वाटेला मी आणि माझा कर्णा. कर्णा मुळातच तोंडाळ, म्हणून त्याचा वाजवीपेक्षा जास्तीचा आवाज फाट्यातच कमी करून ठेवलेला.

या सेटमधला दुसरा भागीदार म्हणजे लालासाहेब. सिकंदरचा लहानपणापासूनचा दोस्त. तोफखान्यात हवालदार होता. एकाहत्तरच्या लढाईनंतर पेन्शनीत निघाला आणि गावी आला. अंगानं दणकट, बोलणं हुकमाचं, मिशीला रोज पीळ. सिकंदरनं दुकान सांभाळायचं आणि लालासाहेबांनी सेट घेऊन गावोगाव जायचं, असं दोघांनी ठरवलं.

आता जिथं लोकांची गल्लत होते ती गोष्ट सांगतो. पहिल्याच दिवशी लालासाहेबांचीही झाली होती.

“थोरला पन्नासचा, ह्यो ईसचा,” ते म्हणाले. “मंग ह्येला जादा पिळाय नगं व्हय?”

“वॅट म्हंजी अंगातली ताकद रं,” सिकंदर म्हणाला. “कोन किती वझं उचलंल, ती. मी सांगतूय ते येगळंच हाय. आत अर्धा व्होल्ट दिला तर दोघांनीबी भाईर धाच द्यायचं. एकानं ईसपट केलं आन् दुसऱ्यानं चाळीसपट, तर गानाऱ्याचा आवाज गानाऱ्याचा ऱ्हातच न्हाई. त्यो आपला हुतो.”

मग त्यानं फाटा बाजूला काढला, आम्हा दोघांना एकच सूर दिला आणि मीटरच्या तारा आळीपाळीनं दोघांना लावल्या. माझा काटा थोडा पुढे गेला, तसं त्यानं माझं बटण मागे घेतलं. पुन्हा थोरला, पुन्हा मी. दोघांचे काटे एका जागी आल्यावर बेंदराला बैलांच्या शिंगांसाठी आणलेला लाल रंग काडीवर घेतला आणि दोघांच्या बटणांसमोर एकेक ठिपका दिला.

“हितनं हलवायचं न्हाई. आवाज कमीजास्त करायचा तर फाट्याच्या मागल्या एका बटनानं दोघांचा संगट करायचा.”

लालासाहेबांनी सलाम ठोकल्यासारखा हात कपाळाला लावला, आणि दोघे हसले.

ते सुरुवातीचे दिवस फार चांगले होते. मेढ्याच्या डोंगरात, कऱ्हाडच्या पेठेत, कुठंही आम्ही वाजलो की लोक म्हणायचे, हा कर्णा नव्हे, माणूसच शेजारी बसून गातोय. लालासाहेब मांडवाच्या मागच्या टोकापर्यंत चालत जायचे, मान कलती करून ऐकायचे आणि परत येऊन माझ्या पत्र्यावर थाप मारायचे. त्या थापेचा मला अभिमान होता. मी उगाच विनय दाखवणार नाही.

पण वर्ष-दीड वर्षानं त्यांचा हात माझ्या बटणाकडे जाऊ लागला. आधी ठिपक्याच्या केसभर पुढे. मला वाटलं, मोठं मैदान आहे, असेल गरज. गावोगावची मंडळीही तसलीच. कुणाचा सेट चांगला, हे आवाज किती लांब गेला यावर ठरायचं. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर ऐकू गेलं की पैज जिंकल्यासारखा आनंद. तेव्हा कर्णा जरा चढा लागला तरी कुणाला वावगं वाटलं नाही. पुढच्या साली बोटभर पुढे, त्याच्या पुढच्या साली आणखी. थोरल्याचं बटण मात्र जिथल्या तिथं. माझंच तेवढं पुढे जात होतं. मी काय करणार? माझ्यात जे येतं ते मी वाढवून देतो. किती वाढवायचं हे बटण फिरवणारा ठरवतो, आणि नाव मात्र माझं खराब होतं.

लालासाहेबांची मुलगी विजयमाला. गावातल्या बायकांच्या भजनी मंडळात ती पुढे बसून गायची. आवाज बारीक, उंच, आणि स्वच्छ. गवळण म्हणायला लागली की वरच्या पट्टीत असं काही फिरायची की मला वाटे, मला बनवलं ते याचसाठी. बापाला तिचं वेड होतं. तिचा कार्यक्रम असला की तारा तेच लावणार, माइक तेच पुसणार.

आणि गंमत बघा, घरातसुद्धा ते तिला म्हणू लागले होते, “ईजे, जरा जोर लाव की गं. पैल्यावानी लागंना झालाय आवाज. लय बारीक येतूय.”

ती बिचारी जोर लावायची.

सत्त्याहत्तर सालच्या पौषात औंधला यमाईची यात्रा होती, आणि तिथं मंडळाचं भजन ठरलं होतं. लालासाहेबांनी माझं बटण त्या दिवशी ठिपक्यापासून इतकं लांब नेलं की मीच घाबरलो. विजयमालानं पहिला सूर लावला आणि कर्ण्यातून जे बाहेर पडलं ते तिचं नव्हतंच. पातेलं घासल्यासारखा आवाज. पुढे बसलेल्या बायकांनी पदर कानाशी दाबले. पोरं रडायला लागली. लालासाहेब थोरल्याशेजारी उभे राहून समाधानानं मान डोलवत होते. पखवाज त्यांना छान ऐकू येत होता.

भजन संपल्यावर पाणी प्यायला उतरलेल्या विजयमालाच्या कानावर गर्दीतलं एक बोलणं आलं. एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, “हवालदाराच्या पोरीचा आवाज फाटला जनू. पैलं लय ग्वाड गायची.”

त्या दिवसापासून तिनं गाणं टाकलं. आई राहीबाईनं ज्येष्ठमध दिलं, हळदीचं दूध दिलं, कुणाकडून तरी काढा आणला. पोरगी सगळं निमूट प्यायची आणि गप्प बसायची. बाप म्हणतो आवाज लागत नाही, लोक म्हणतात फाटला. दोन्हीकडून एकच निकाल. तिनं तो मान्य केला. मला तिची जितकी दया आली तितकाच रागही आला. मला कुणी एकदा विचारलं असतं तर!

पुढे भादव्यात सांगलीला भजनाची स्पर्धा होती, मंडळाचं नाव आधीच दिलेलं. दिवस जवळ येऊ लागले तसा सेट सफाईसाठी सिकंदरच्या दुकानात आला. त्यानं फडक्यानं माझी धूळ पुसली आणि हात थांबला. बटण कुठं आणि ठिपका कुठं. त्याला चीड आली. बटण मागे घेऊन त्यानं निरोप धाडला की हात लावू नकोस. पुढच्या बारशाच्या कार्यक्रमाहून मी परत आलो तो पुन्हा पुढे. तेव्हा मात्र सिकंदर चिडला नाही. बराच वेळ दुकानाच्या पायरीवर बसला. मग आम्हाला हातगाडीवर घालून, मीटर आणि सूर देणारी डबी घेऊन, लालासाहेबांच्या अंगणात आला. दुपारची वेळ होती. विजयमाला मळ्यात गेली होती.

“लाला, आज तू तुज्या कानानं दोघांस्नी सारखं कर. मंग मी मीटर लावतो.”

सिकंदरनं थोरल्याला जाड सूर दिला, मला बारीक, आणि लालासाहेबांनी दोघांना सारखं केलं. मीटर लावला तर थोरला दहावर आणि मी वीसच्याही पुढे.

“तुजा मीटर बिघडलाय,” लालासाहेब म्हणाले.

सिकंदरनं वाद घातला नाही. थोरल्याची तार काढली, एकट्या मला सूर दिला आणि डबीचं बटण फिरवून तो सूर हळूहळू वर नेऊ लागला. मी ओरडू लागलो. सूर बारीक होत गेला, आणखी बारीक, आणि मीटरचा काटा तसाच वर. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. लालासाहेब कमरेवर हात ठेवून शांत उभे होते.

“बंद का केलंस?” ते म्हणाले. “चालू कर की.”

आतून राहीबाई दोन्ही कानांवर हात दाबून धावत आल्या. “आवं, बंद करा की त्ये! डोसकं फुटायची येळ आली!”

लालासाहेबांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या कानांवरच्या हातांकडे पाहिलं. मग काट्याकडे. मग चालत कर्ण्यापाशी आले आणि त्याच्या तोंडात तळहात धरला. माझा आवाज त्यांच्या हाताला लागला असणार, कारण चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

सिकंदरनं मला बंद केलं. “कवापासनं रं, लाला?”

“मला काय ठावं? जे ऐकू येत न्हाई त्ये गेलं कवा, ह्ये कळनार कसं?”

“तोफंजवळ कानात कापूस घालत न्हवतास?”

“कापूस घालनाऱ्याला पोरं हसायची, गड्या.”

राहीबाई दारात उभ्या होत्या. लालासाहेब ओट्यावर बसले. सिकंदर त्यांच्या शेजारी बसला. लालासाहेब खाली बघत म्हणाले, “कुनाला बोलू नगंस.”

“गावाला न्हाई बोलत. पर पोरगी? आपला आवाज गेला म्हनून बसलीया ती.”

“बहिरा मानूस कर्ने लावतूय म्हनत्याल, सिकंदर. हसत्याल.”

“हसत्याल,” सिकंदर म्हणाला. त्यानं खोटा धीर दिला नाही. मला ठिपक्यावर आणलं, सेट तिथंच ठेवला आणि रिकामी हातगाडी घेऊन निघून गेला.

त्यानंतरचे दिवस मी त्या घरात कोपऱ्यात बसून काढले. मी बोलू शकत नव्हतो आणि ज्यांना बोलता येत होतं ते बोलत नव्हते. राहीबाई नवऱ्याला जेवण वाढताना त्याच्याकडे बघायच्या, मग पोरीकडे, आणि भाकरी ताटात जरा जोरातच पडायची. लालासाहेब खाली मान घालून जेवायचे. सिकंदरच्या दुकानाकडे ते फिरकले नाहीत. लढाईतून आलेला माणूस, पण चार शब्दांना भीत होता. मला त्यांची भयंकर चीड आली. आणि रात्री ते झोपेत कान चोळत असत, तेव्हा ती चीड टिकतही नसे.

शेवटी मंडळाच्या बायका आल्या. पुढे शेजारची साळूबाई.

“ईजे, काय ठरलं तुजं? मंडळाचं नाव काढून टाकायचं का?”

“माजा आवाज गेलाय, मावशी,” विजयमाला म्हणाली. “दुसरीला बसवा म्होरं.”

लालासाहेब तारा गुंडाळत होते. तिचं बोलणं त्यांना ऐकू आलं की नाही, कोण जाणे. पण तिची हललेली मान त्यांनी पाहिली, आणि दारातून आपल्याकडे रोखून बघणारी बायको पाहिली. हातातली तार त्यांनी खाली ठेवली.

“तिचा आवाज न्हाई गेला,” ते म्हणाले. नेहमीसारखं मोठ्यानं म्हणाले, कारण हळू बोलायचा अंदाजच त्यांना राहिला नव्हता. “माजं कान गेल्यात. तोफांनी खाल्ल्यात. बारीक आवाज मला यीना झालाय, म्हनून मी कर्ना चढवत गेलो. औंधला फाटलं त्ये पोरीचं न्हाई, माजं.”

मग साळूबाईनं कपाळाला हात लावला. “अगं बया! आन् आमी म्हनत हुतो, हाक मारली तर भावजी वळून बघत न्हाईत, मिलट्रीतनं आल्यापासनं लय मानी झाल्यात.”

एकदोघी हसल्या. लालासाहेबही हसायला गेले, पण ते त्यांना जमलं नाही.

मला वाटलं होतं, पोरगी आनंदानं उडी मारेल. तिचा आवाज तिला परत मिळाला होता ना. पण ती बापाजवळ गेली आणि म्हणाली, “आप्पा, मंग मी गाते ते तुमाला…”

“येतंय की. खालचं समदं येतंय,” लालासाहेब म्हणाले.

सांगलीला निघायच्या दिवशी सिकंदर सेट तपासायला आला. विजयमाला त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “सिकंदरचाचा, ह्येचं बटन ऱ्हाऊ द्या की चढं. लोकांस्नी कसंबी लागंना का. आप्पांनी ऐकायला पायजे.”

लालासाहेबांना शब्द कळले नसतील, पण तिचं बोट माझ्या बटणाकडे गेलेलं त्यांना दिसलं. ते वाकले, डोळे बारीक करून बटण ठिपक्यावर आणलं, पुन्हा एकदा नीट बघून घेतलं.

“लोकांम्होरं तुजा आवाज तुजाच जायाचा, पोरी. माज्यासाटी सोंग न्हाई आनायचं त्येचं.”

सांगलीच्या मांडवात त्या दिवशी मी आणि थोरला बरोबरीनं वाजलो. विजयमालानं गवळण उचलली. किती दिवसांनी माझ्यातून तिचाच आवाज गेला. सिकंदर मुद्दाम आला होता. तो मागे उभा राहून डोळे पुसत होता. लालासाहेब त्यांच्या नेहमीच्या जागी, थोरल्याशेजारी. पखवाजावर त्यांची मान बरोबर डोलत होती. मग एका ठिकाणी पखवाज थांबला आणि ती एकटीच वर चढली. इकडे मांडव श्वास रोखून ऐकतोय, आणि लालासाहेबांची मान थांबली. गाणं संपलं की काय म्हणून ते इकडेतिकडे बघू लागले. टाळ्या वाजवायला त्यांनी हात वर घेतले आणि कुणीच वाजवत नाही हे पाहून तसेच खाली आणले.

विजयमालानं ते पाहिलं. सूर तिनं सोडला नाही, एवढंच सांगतो. मंडळाचा दुसरा नंबर आला.

गावी आल्यावर लालासाहेबांनी धंदा सोडला. कुणी हसलं, कुणी हळहळलं, आणि पुढच्या सुगीपर्यंत लोक विसरलेही. थोरला आणि फाटा सिकंदरनं दुकानात नेले. मला आणि एका कर्ण्याला मात्र लालासाहेबांनी ठेवून घेतलं. विजयमालाचं लग्न झालं, ती मेढ्याला नांदायला गेली. माहेरी आली की दुपारच्या जेवणानंतर ती सोप्यात माइक घेऊन बसते. फाटा नाही, थोरला नाही, तिचा आवाज सरळ माझ्यात. कर्ण्याचं तोंड बापाच्या खुर्चीकडे. आणि माझं बटण ती स्वतः पुढे नेते, त्यांनी मान हलवेपर्यंत. औंधला लोकांनी कान झाकले ते याच आवाजाला. शेजारची साळूबाई दार लावून घेते, पण कधी एक शब्द बोलत नाही.

पहिल्या खेपेला ठिपक्याच्या थोडं पुढे भागलं. मग निम्म्यापर्यंत. मग त्याहून पुढे.

परवा, एकोणऐंशीच्या दिवाळीला, ती आली. कडेवर तान्हं मूल. मूल आईकडे देऊन माइकसमोर बसली, गायला लागली आणि लालासाहेब म्हणाले, “वाढीव जरा, ईजे.”

तिनं माझ्या बटणावर बोटं ठेवली. बटण शेवटाला टेकलेलं होतं. माझ्यात आणखी काही उरलेलं नव्हतं. तिची बोटं तशीच थांबली. मग तिनं नुसतं मनगट फिरवलं. बोटं बटणावरून सरकली, बटण जागचं हललं नाही. तिनं बापाकडे पाहिलं.

“हां,” लालासाहेब म्हणाले. “आत्ता आलं.”

ती गाऊ लागली. लालासाहेब मान डोलवू लागले. पखवाज नव्हता, मग ती मान कशावर डोलत होती, ते मला ठाऊक आहे. ते तिच्या ओठांकडे बघून मान डोलवत होते, आणि ताल चुकत होता. पहिल्या कडव्यात तो चुकला, तसं तिनं एक सूर लांबवला. दुसऱ्या कडव्यात तिनं गाण्याची लयच सोडून दिली आणि त्यांच्या मानेबरोबर गाऊ लागली. मान रेंगाळली की ती रेंगाळायची, मान घाई करायची तेव्हा तीही घाई करायची. तसलं बेताल गाणं मी जन्मात कधी मोठं केलं नव्हतं.

म्हणून तुम्हाला एक विनंती. कधी उंब्रजला आलात, दुपारी एखाद्या घरातून कर्कश, लय सुटलेलं गाणं ऐकू आलं, तर खुशाल कानावर हात ठेवा, मला शिव्या द्या, मला त्याचं काही वाटणार नाही. पण दार उघडून आत येऊ नका, आणि ते बटण कमी करू नका.